मोठ्याने वाचलेला शब्द

मला लोक संशयी म्हणतात आणि ते खरं आहे. समोरचा माणूस फार गोड बोलायला लागला की मी त्याच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघते. "काही नाही हो, सहज आलो होतो," असं कुणी म्हणालं, तर तो खुर्चीत टेकायच्या आधीच हा कशाला आला असेल, असं माझ्या मनात सुरू झालेलं असतं. आई म्हणते, नोकरीने तुला असं केलं. मला ते पटत नाही. मी आधीपासूनच अशी होते, नोकरीत फक्त त्याचा पगार मिळायला लागला.

मी ग्रामसेविका आहे. राहते जव्हारला, आईजवळ, आणि पंचायत आहे मोखाडा तालुक्यात. सकाळी एसटी, पुढे जीप, जीप भरलेली असेल तर पायी. आमचं घराणं मूळचं जामसरकडचं, भातशेती करणारं. वडील शिक्षक झाले तसे आम्ही जव्हारला आलो आणि शेतकऱ्याचे नोकरदार झालो. पुरुष ग्रामसेवकाला इकडे सगळे भाऊसाहेब म्हणतात. बाईला काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही. कार्यालयात मॅडम, पाड्यावर 'बाय', आणि वर 'तू'. पहिल्या वर्षी मला तो उद्धटपणा वाटायचा. मग कळलं की तिथे आईलाही 'तू' आहे आणि देवालाही 'तू'च. 'तुम्ही' ज्याला म्हणतात, त्याच्यापासून ते जरा लांब बसतात.

शब्दांशी माझं भांडण जुनं आहे. कार्यालयातून आलेल्या पत्रातले शब्द मी घेऊन निघते आणि पाडा येईपर्यंत त्यांचं काहीतरी होतं. 'माहिती' हा शब्द घ्या. त्यात वावगं काय आहे? पण "माहिती घ्यायला आलेय" म्हटलं की अंगणात नागली पाखडणारी बाई सूप खाली ठेवते आणि पोरींना आत बोलावते. आजवर जो जो माहिती घेऊन गेला, त्याच्या मागोमाग काहीतरी बंद झालं किंवा कुणीतरी दमात घ्यायला आलं. 'यादी'चंही तेच. आई वाण्याकडची यादी करते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे गूळ आणि रवा असतो. पाड्यावर यादी म्हटलं की गेल्या खेपेला ज्याचं नाव राहिलं, तो माणूस आठवतो. आणि त्यांचं 'हो'. नवा अधिकारी येतो, तासभर बोलतो, सगळे हो म्हणतात, तो खूश होऊन जातो. त्या 'हो'चा अर्थ तू बोललास ते आमच्या कानावर आलं, एवढाच असतो.

त्यामुळे मी जिभेपेक्षा डोळ्यांवर विसंबते. कागदावर कुटुंब बाहेरगावी असेल तर मी चुलीतली राख हाताने बघते. आजारी म्हणून सभेला न आलेला माणूस कुठल्या रानात आहे, हे त्याच्या दारातल्या कुत्र्यावरून ओळखते, कारण कुत्रा बरोबर गेलेला असतो. या चोखंदळपणाचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी. सात वर्षांपूर्वी माझं लग्न मोडलं. कोर्टाच्या कागदावर घटस्फोट असा स्वच्छ शब्द आहे. आईने तो आजवर तोंडातून काढलेला नाही. कुणी विचारलं, मुलगी इथेच का हो, की ती म्हणते, "नोकरी इकडची ना, म्हणून इथेच असते." या वाक्यात एकही शब्द खोटा नाही आणि म्हणूनच मला त्याचा राग यायचा. एकदा शेजारच्या काकू चहाला बसल्या होत्या, आईने तेच वाक्य सुरू केलं आणि मी मध्येच म्हटलं, "माझा घटस्फोट झालाय, काकू." काकूंनी कप बशीत ठेवला. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र इतकं हलकं वाटलं की त्यातून माझं एक मत पक्कं झालं. जे आहे ते त्याच्या नावाने म्हणून टाकावं, आडवळणं घेणारे लोक स्वतःला फसवतात. हे मत घेऊन मी रोज एसटीत बसत होते.

माझ्या पंचायतीत एक पाडा आहे, डांबरी रस्ता सोडून अर्धा तास चढायचा. तिथे एक बाई आहे, पस्तिशीची असेल. घरात ती, सासू आणि दोन मुली. थोरली बारा वर्षांची, धाकटी नऊ. नवरा आठ वर्षांपूर्वी दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला. दिवाळी झाली की अर्धा पाडा जातोच, शिमग्याला घरी येतो, पुन्हा जातो आणि पेरणीच्या आत पावसाळ्यापुरता परत येतो. हा शिमग्याला आला नाही, पेरणीला आला नाही, पुढच्या वर्षीही आला नाही. घर कारवीच्या कुडाचं. मागच्या पावसात मागची बाजू बसली, तिथे आता निळं प्लास्टिक आहे. वारा सुटला की ते फडफडतं आणि आत बोललेलं ऐकू येत नाही.

घरकुलाच्या यादीत तिचं नाव होतं, पण इतकं खाली की तिचा नंबर लागेपर्यंत उरलेला कूडही राहिला नसता. विधवा, परित्यक्ता, एकट्या बायका यांना आधी घ्यायचं होतं. तिच्या नावापुढच्या रकान्यात मी एक शब्द लिहिला की ती वर येणार होती. परित्यक्ता. मी मुद्दाम चढून तिच्या घरी गेले आणि तिला ते समजावून सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तसा नको लिवूस, बाय."

"का?"

"तो हाय."

"कुठे आहे?"

"कामाला गेलाय."

"आठ वर्षं?"

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. सासू ओट्यावर पळसाची पानं टाचत बसली होती. तिचा हात थांबला नाही, पण डोळे माझ्यावर होते.

फुकटचं पक्कं घर कुणी नको म्हणतं का? माझ्या डोक्यात लगेच भिंगरी फिरायला लागली. मी घरावरून नजर फिरवली. दाराच्या मागे कोयता होता, त्याला तेल लावलेलं. शेजारी कोयता कमरेला अडकवायची लाकडी आकडी, तिचा दोरा नवा. आकडी पुरुष वापरतो आणि या घरात पुरुष नाही. मी विचारलं, कोयता कुणाचा? ती म्हणाली, त्याचा. कोण वापरतं? कुणी नाही. मग तेल कशाला लावलंय? "गंज चढल म्हून." मग दोरा का बदलला? "उंदराने खाल्ला." प्रत्येक उत्तर तयार होतं आणि तयार उत्तरांवर माझा विश्वास नाही. मी ठरवलं की नवरा गुपचूप येत असणार. किंवा त्याचं नाव दुसऱ्या पंचायतीत लागलं असेल, तिकडे घर बांधलं असेल आणि इकडे चौकशी सुरू झाली तर ते उघडं पडेल म्हणून ही घाबरतेय. मी वहीत लिहून घेतलं, कोयता, आकडी, नवा दोरा.

उतरताना वाटेत तिचा दीर भेटला. तो ठाण्याला रंगाचं काम करून आलेला, स्वच्छ शर्ट, बोलण्यात हिंदी. त्याने मला 'तुम्ही' म्हटलं. "मॅडम, सच बोलायचं तर भावाने तिला टाकलंय. त्याने तिकडे दुसरी बाई केलीय, दोन पोरं पण आहेत, आपल्या गावच्या माणसांनी बघितलंय. तिला सांगायला शरम वाटते. तुम्ही लिहून टाका ना, बिचारीला घर तरी मिळेल." मी म्हटलं, असा जबाब देशील का? तो म्हणाला, आत्ता देतो. आणि दगडावर बसून त्याने दिला, खाली सही केली. पाड्यावर इतक्या वर्षांत मला हवा तो शब्द स्वतःहून बोलणारा तो पहिला माणूस होता. मला तो आवडला. सगळ्यांवर संशय घेणारी मी, त्याच्यावर घेतला नाही, कारण तो माझ्यासारखा बोलत होता.

मी रकाना भरला. तिच्या भल्यासाठीच भरतेय, असं मला खरोखर वाटत होतं. ती नको म्हणाली होती हे मला आठवत होतं, पण ते मी लाजेच्या खात्यात टाकलं. लाजेतून एकदा धक्का देऊन बाहेर काढलं की माणसाला बरं वाटतं, हा माझा अनुभव होता.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. पुरुष खांबांना टेकून, बायका एका बाजूला आणि त्यांच्यात पुढे सासू, पाय पसरून. घरकुलाची यादी सभेत मोठ्याने वाचायची असते. नाव, मग रकाना, मग पुढचं नाव. मी वाचत गेले. तिचं नाव आलं, मी म्हटलं, "परित्यक्ता," आणि पुढच्या नावावर जाणार होते. कुणी हललंसुद्धा नाही. तो शब्द पत्र्यावरच्या धुळीइतकाही कुणाच्या अंगावर बसला नव्हता. तसाच वरून गेला असता तर बरं झालं असतं.

मागून दीर म्हणाला, "मॅडम, त्याचा अर्थ काय, ते सांगा ना सगळ्यांना. अडाणी माणसं आहेत."

मला तो प्रश्न योग्यच वाटला. सरकारी मराठी लोकांना कळत नाही अशी तक्रार मीच बैठकीत करत असते. मी कागद खाली घेतला आणि सोप्या भाषेत, खणखणीत आवाजात सांगितलं, "म्हणजे नवऱ्याने टाकलेली."

शब्दकोशात बघाल तर मी काही चुकीचं बोलले नाही. दोन्हींचा अर्थ एकच आहे. पण पहिला शब्द फक्त कागदावर होता आणि दुसरा त्या बाईच्या अंगावर पडला. तिने पदर कपाळावर ओढला. बायकांमध्ये ती बसली होती तिथे दोन्ही बाजूंना थोडी जागा झाली, कुणी ठरवून केल्यासारखी नाही, पण झाली. सासूने काठी टेकली, उठली आणि कुणाकडेही न बघता व्हरांड्यातून उतरून गेली. मी म्हटलं, आजी, सभा संपली नाही. तिने ऐकलं नाही. मी पुढचं नाव वाचलं. त्या दिवशी एसटीत मी समाधानाने बसले होते, हे आठवलं की आजही माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

आठवड्याने ती बाई कार्यालयात आली. ती कधीच आलेली नव्हती. थोरलीला घेऊन सकाळी निघून चालत आली होती. खुर्ची दिली तरी दोघी खालीच बसल्या.

"पंच बसतात," ती म्हणाली. "काडी मोडतील."

काडीमोड म्हणजे काय हे मला ठाऊक होतं, पुस्तकात वाचावं इतपत. पाड्यावर लग्न कागदाने जुळत नाही आणि कागदाने तुटतही नाही. पंच बसतात, काडी दोघांच्या नावाने मोडतात, तेव्हा बाई सुटते. तोवर नवरा भट्टीवर असो, मुंबईत असो, त्याने तिकडे काहीही केलेलं असो, ती त्या घरची असते. काडी मोडली की ती माहेरी जाते आणि पोरी बापाच्या घरच्या, म्हणून तिथेच राहतात. घरात पुरुष नाही, म्हणजे त्या दिराच्या हाताखाली येणार. जमीनही तोच कसणार.

"इतकी वर्षं कुणी बसलं नाही, मग आताच का?"

"आजवर कुनी बोललाच नव्हता." ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. "समद्यांना ठाव होता. पन बोलला कोन? दीर म्हनतो, आता सरकारी बायच सभेत बोलली, आता काय राह्यला. थोरलीला दिवाळीमागं भट्टीवर नेतो म्हनतो."

थोरली जमिनीवरच्या फरशीची रेघ बोटाने पुसत होती.

"तुला ठाऊक होतं, त्याने दुसरी केलीय ते?"

"पयल्या वर्सापासून."

मी काय काय समजत होते. ती स्वतःला फसवते, तिला नवरा येईल असं वाटतं, ती काहीतरी लपवते. तिला माझ्याइतकंच सगळं स्वच्छ दिसत होतं. ती फक्त एक शब्द बोलत नव्हती आणि त्या न बोलण्यावर तिचं घर उभं होतं, कूड पडला तरी. मला माझी लाज वाटली. आणि लगेच, माझ्या स्वभावाप्रमाणे, दिराचा संताप आला. त्याने मला अर्थ विचारला नव्हता, माझ्याकडून तो बोलवून घेतला होता. त्याच्या तोंडून निघाला असता तर तो घरगुती तंटा झाला असता. माझ्या तोंडून निघाल्यावर तो निकाल झाला.

दुसऱ्या दिवशी मी पाड्याच्या कारभाऱ्याकडे चढून गेले. म्हातारा माणूस, पंच बसवायचे की नाही ते त्याच्या हातात. त्याने बसायला घोंगडी टाकली. मी त्याला कायदा सांगितला, मुली आईकडेच राहतील, बारा वर्षांच्या पोरीला भट्टीवर नेता येत नाही. तो 'हो' म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा 'हो' म्हणाला. मग मी यादी काढली आणि म्हटलं, बघा, इथे दुसराच शब्द आहे, टाकलेली असं कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

"कागद आमी वाचत नाय," तो म्हणाला. "तू बोललीस, ता ऐकला."

"मग मी परत बोलले तर?"

त्याने आधी यादीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे तो जोखत होता आणि मला त्याची पद्धत ओळखीची वाटली. मग म्हणाला, "बोलशील त ऐकू. सभेत. म्हातारीच्या म्होरं. पन कागदावर बी तसाच पायजे. तोंडात एक नि कागदावर एक, असा नको."

मी मनात तोच डाव आखत होते. सभेत वेगळं बोलायचं आणि रकान्यात शब्द तसाच ठेवायचा, कुणाला वाचता येतंय. पण दिराला वाचता येत होतं आणि म्हाताऱ्याने ते आधीच ओळखलं होतं.

म्हणजे रकाना पुसायचा. रकाना पुसला की घर गेलं. मी त्या बाईकडे गेले. सासू पाण्याला गेली होती. मी तिला म्हटलं, नीट विचार कर, पुढे कधी नंबर लागेल मला सांगता येत नाही. तिने विचारलं, शब्द काढला की सभेत बोलशील? म्हटलं, बोलेन. "मंग काढ." मी तीनदा विचारलं. कुणी दाब आणला का, दिराने सांगितलं का, घाबरून म्हणतेस का. तिसऱ्या वेळी ती वैतागली. "बाय, तू किती इचारतेस," ती म्हणाली. "पावसात भिजलो त वाळू. काढ." मागे ते प्लास्टिक फडफडत होतं.

हरकतींसाठी पुन्हा सभा होती. त्याआधी मला प्रोसिडिंगसाठी, म्हणजे सभेच्या इतिवृत्तासाठी वाक्य लिहायचं होतं आणि त्यात माझी एक आख्खी दुपार गेली. एकेक शब्द मी लिहून खोडला. 'बेपत्ता' लिहावं तर पुन्हा चौकशी. 'विभक्त' तर नकोच. शेवटी लिहिलं, 'सदर महिलेचे पती कामानिमित्त बाहेरगावी असून त्या पतीच्या घरी नांदत आहेत.' लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा आईचा आवाज ऐकू आला. नांदत आहेत. कोशात बघाल तर राहत आहेत, एवढंच. पण राहते ती भाडेकरीणही आणि मी सात वर्षं आईकडे राहतेच आहे. नांदते असं माझ्याबद्दल आता कुणी म्हणणार नाही. त्या बाईला मात्र तो शब्द लागू होता, आठ वर्षं नवरा नसताना. सासूला भाकरी घालून, पोरी वाढवून, कोयत्याला तेल लावून ती नांदतच होती. खोटं वाक्य लिहायला बसले होते आणि त्यातला निम्मा भाग खरा निघाला.

सभेला या वेळी जास्त लोक होते. सासू पुढेच बसली. कारभारी खांबाला न टेकता ताठ. मी यादीतले बदल वाचायला लागले, तिचं नाव आलं. मी ते वाक्य वाचलं, आणि मग कागद बाजूला ठेवून, त्यांना कळेल असं म्हटलं, "तिचा नवरा कामाला गेलाय. ती त्याच्या घरी नांदते. मागच्या सभेत मी बोलले ते चुकीचं होतं."

दीर उभा राहिला. "मॅडम, पण मी तर तुम्हाला जबाब दिला होता. आणि तुम्ही स्वतः—"

"मी चुकले," मी म्हटलं. "तेही लिहून घेतलंय. तुला सही करायची आहे का त्याखाली?"

कुणीतरी हसलं. तो बसला. कारभारी म्हणाला, "ऐकला." बायकांमध्ये ती होती तिथे या वेळी जागा उरली नव्हती, धाकटी तिच्या मांडीत आणि शेजारणीची कोपरं दोन्हीकडून. घर यादीतल्या पुढच्या नावाला गेलं. तो माणूस येऊन माझ्या पाया पडायला लागला, मी त्याला जरा तुसडेपणानेच उभं केलं, कारण त्याने केलं काहीच नव्हतं आणि मीही त्याच्यासाठी काही केलं नव्हतं.

पंच बसले नाहीत. हे मी जिंकले असं कुणी समजू नये. पावसाळा तोंडावर होता आणि मी एका बाईचं घर तिच्याच सांगण्यावरून पुसून आले होते. चूक माझी होती, भरपाई तिने दिली. दिराचं काय चाललंय यावर मी नजर ठेवून असते, आणि त्याला ते कळावं अशीच ठेवते.

सभा उठल्यावर मी चटया गोळा करत होते. सासू माझ्यापाशी येऊन उभी राहिली. आतापर्यंत ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नव्हती. जवळून बघितलं तर तिचे डोळे चांगले तेज होते.

"तुझ्या कागदात हाय, तो कामाला गेलाय म्हून?"

"हो, आजी."

"कंच्या भट्टीवर?"

मी म्हटलं, तेवढं नाही लिहिलं.

"मंग लिव. ठिकाना नसल त त्याला सांगावा कसा धाडायचा, घर पडलाय म्हून?"

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तिला खरंच वाटत होतं की सरकारला तिचा मुलगा सापडलाय, की तिला सगळंच ठाऊक होतं आणि ती मला तपासत होती, हे मला ओळखता आलं नाही. माणसं ओळखण्यातच माझं आयुष्य गेलंय, तरी अजून आलेलं नाही. मी खालच्या आवाजात म्हटलं, ठिकाणा माझ्याकडे नाही, आजी.

"ठिकाना ठाव नाय, त सभेत बोललीस कशी?" ती म्हणाली आणि उत्तरासाठी न थांबता थोरल्या नातीचा हात धरून चढणीला लागली.